अर्ध्या किलोच्या लढती लावा

पवईच्या आयआयटीत १९९८ पासून टेकफेस्ट भरतो. तिथल्या रोबोवॉरमध्ये ६० किलोची यंत्रं जाळीच्या आत एकमेकांना भिडतात, ठिणग्या उडतात, पत्रे फाटतात. बीड, अंबाजोगाई, परळीतली पोरं ते व्हिडिओ बघतात आणि तसंच यंत्र करायचं ठरवतात. मग स्टील, मोटारी, बॅटऱ्यांचा हिशोब घरच्यांच्या आवाक्याबाहेर जातो आणि यंत्र वहीतच राहतं. त्या पोरांना, त्यांच्या पालकांना आणि शिक्षकांना कळकळीने सांगतो, अर्ध्या किलोपासून सुरुवात करा.

कुस्तीसारखेच इथेही वजनगट आहेत. इंग्लंडात १५० ग्रॅमचा गट चालतो, अमेरिकेत एका पौंडाचा, म्हणजे ४५४ ग्रॅमचा. आपण ४५४ चा धरावा. १५० ग्रॅममध्ये बसतील इतके बारीक सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळायचे नाहीत. वजन किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर करता येतं.

पहिल्या वर्षी एक नियम कडक ठेवा: फिरतं पातं नको. एवढ्याशा यंत्राला पातं असलं तरी तुटलेला स्क्रू डोळ्यात जाऊ शकतो, आणि मग पॉलिकार्बोनेटचा बंदिस्त पिंजरा लागतो. सगळ्यात जास्त खर्च त्याचाच. ढकलणारी आणि उचलणारी यंत्रं मात्र चार बाय चार फुटांच्या प्लायवर, कडेला फूटभर फळ्या ठोकून लढवता येतात. तरी गॉगल सगळ्यांनी घालायचाच, पंचांनीसुद्धा.

यंत्र साधं ठेवा. गिअरच्या दोन छोट्या मोटारी, एक मोटर ड्रायव्हर, ईएसपी३२ बोर्ड आणि बॅटरी. मोबाइलवरून ब्लूटूथने चालवता येतं. ऑनलाइन मागवलं तर दीड-दोन हजारांत भागावं. चाकं अंगापेक्षा मोठी बसवा, म्हणजे यंत्र उलटलं तरी पळत राहतं. पुढचा उतार तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा चालतो. त्याची कड कानशीने घासत जा, खाली वहीचा कागदही सरकता कामा नये. समोरच्याच्या चाकाखाली ज्याची कड आधी घुसते, त्याचं पारडं जड, कारण चाक उचललं की जोर उरत नाही. मोटारीच्या ताकदीपेक्षा या कडेवर दोन संध्याकाळी जास्त घाला. कडेचे कोपरे मात्र बोथट गोल असू द्या, नाहीतर यंत्र उचलताना हात कापतो.

प्रोग्राममध्ये एक ओळ विसरू नका: मोबाइलशी संपर्क तुटला की मोटारी थांबल्या पाहिजेत. पंचांनी लढतीआधी ब्लूटूथ बंद करून हे तपासावं, थांबलं नाही तर यंत्र बाहेर. बॅटरीचा विषय तर त्याहून गंभीर. लिथियम बॅटरीचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून जोडू नका. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, आणि रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

स्पर्धा कधी घ्यायची? आपल्या जिल्ह्यात हे नीट ठरवलं पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबं निघाली की पोरंही जातात किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. डिसेंबरात स्पर्धा ठेवली तर ज्यांच्यासाठी ती हवी तेच नसतील. म्हणून मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास, १७ सप्टेंबरच्या आसपास घ्या. तेव्हा सगळे गावात असतात. मुलींचे संघ मुद्दाम बोलवा.

आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतनच्या गुरुजींनी वर्कशॉप शनिवारी दुपारी उघडं ठेवलं तरी पुष्कळ. ज्या शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तिथला थ्रीडी प्रिंटर कपाटात बंद करून ठेवू नका. आणि मोटार रिवाइंडिंगवाल्या दादांना विनंती, पंपाच्या मोटारी बांधणारे तुमचे हात या पोरांना लागणार आहेत. सोल्डरिंगची बाजू तुम्ही सांभाळा.

लढत तीन मिनिटांची ठेवा. दहा आकडे मोजेपर्यंत जे हललं नाही ते हरलं. निकालाच्या टेबलाशेजारी दुरुस्तीचं टेबल मांडा. पुढच्या फेरीच्या आधी कुणाचा गिअर गेला, तर ज्याच्याकडे जास्तीचा असेल त्याने तो काढून द्यायचा, मग पुढची लढत त्याच्याशीच का असेना. या खेळात जगभर हीच रीत आहे. पहिल्या दिवशीच ती पोरांना सांगून टाका.