शुद्धिस्थान म्हणजे प्रतीक्षागृह नव्हे

कथेचा शेवट मनासारखा झाला नाही म्हणजे अवघी कथाच खोटी ठरवून मोकळे व्हायचे, ही अलीकडच्या प्रेक्षकाला जडलेली एक खोड आहे. ‘लॉस्ट’ या अमेरिकन मालिकेच्या बाबतीत ती इतकी बळावली की, तिने आपल्या श्रद्धेतील एका सत्यालाही वेठीस धरले. करमणुकीच्या गोष्टीत धर्मगुरूने कशाला लक्ष घालावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. शब्द पडद्यावरून घरात येतात, घरातून मनात जातात आणि मग आपण प्रार्थना करतो तीही त्याच शब्दांच्या अर्थाने.

ही मालिका २२ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झाली आणि सहा पर्वांनंतर २३ मे २०१० रोजी संपली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले ८१५ क्रमांकाचे विमान दक्षिण पॅसिफिकमधील एका अनोळखी बेटावर कोसळते. वाचलेल्यांपुढे गूढांची रांगच लागते. झाडे उपटणारा काळा धूर, जमिनीखाली पुरलेली कोठी, चार बोटांच्या पावलाचा भग्न पुतळा आणि ४, ८, १५, १६, २३, ४२ हे सतत पाठलाग करणारे आकडे. त्यांची बेरीज १०८. त्या कोठीतील कळही दर १०८ मिनिटांनी दाबावी लागते. जपमाळेच्या १०८ मण्यांशी परिचय असलेल्या आपल्या देशात हा आकडा ऐकून कुणाचेही कान टवकारतील. बेटावरील संशोधन संस्थेचे नावच ‘धर्मा’ आणि तिच्या माहितीपटांचा समारोप ‘नमस्ते’ या शब्दाने! अशा सामग्रीवर रसिकांनी तर्कांचे इमले रचले नसते तरच नवल.

मी या रसिकांची थट्टा करणार नाही. पुतळ्याचा केवळ पाय दिसला, तेवढ्यावरून काहींनी इजिप्तच्या पुराणातील गर्भवतींची रक्षणकर्ती देवता तावरेत ओळखली. बेटावर गर्भवती स्त्रिया दगावतात, हा धागा त्यांनी त्या पायाशी जोडला आणि पुढे ते खरे ठरले. तपशील लक्षपूर्वक वाचणे, एका खुणेवरून दुसरीकडे जाणे आणि पुरावा विरोधात गेला तर तर्क सोडून देणे, ही सद्‌गुणी वाचनाची रीत आहे. पवित्र शास्त्र वाचतानाही तीच लागते.

परंतु एका तर्काने ही रीत सोडली. ‘हे सारे प्रवासी विमानातच मेले; बेट म्हणजे पर्गेटरी’, म्हणजे आपण ज्याला शुद्धिस्थान म्हणतो ते. आरंभी या तर्काला आधार होता, हे मान्य केले पाहिजे. प्रत्येक प्रवाशाच्या मागे एक पाप होते आणि चाकाच्या खुर्चीला खिळलेला जॉन लॉक बेटावर पडताच चालू लागला होता. शिवाय महाकवी दान्तेने शुद्धिस्थानाची कल्पना केली तीदेखील दक्षिण गोलार्धातील सागरात, जेरुसलेमच्या बरोबर विरुद्ध बाजूस उभ्या असलेल्या बेटपर्वताच्या रूपाने. मालिकेच्या कर्त्यांनी हा तर्क वारंवार नाकारला, तरी तो मेला नाही.

शेवटच्या भागाने तर त्याला नवे बळ दिले. सहाव्या पर्वात जे समांतर आयुष्य दाखवले होते, ते मृत्यूनंतरचे भेटीचे स्थान आहे, असे तेथे उघड झाले. त्यातच वाहिनीने श्रेयनामावलीबरोबर ओसाड किनाऱ्यावरील विमानाच्या सांगाड्याची दृश्ये दाखवली. ती वाहिनीने जोडलेली होती, मालिकेच्या कर्त्यांनी नव्हे, हा खुलासा नंतर झाला. तोवर ‘पहिल्या दिवसापासून सगळे मेलेलेच होते’ हा ग्रह पक्का होऊन बसला आणि आजही तो आत्मविश्वासाने सांगितला जातो.

हा ग्रह कथेच्या विरुद्ध आहे. जॅक शेफर्डचा पिता त्याला स्पष्ट सांगतो की, जे घडले ते खरे घडले. यांतील काही जण तुझ्या आधी मेले, काही तुझ्यानंतर कितीतरी काळाने. याहून उघड ते काय बोलावयाचे? पण त्या तर्काचा मोठा दोष निराळा आहे. चार्ली पाण्यात बुडत असताना तळहातावर शब्द लिहून मित्राला सावध करतो. तो आधीच मेलेला असेल, तर हे बलिदान म्हणजे निव्वळ नाटक. जॅक बेट वाचवून बांबूंच्या बनात प्राण सोडतो, तेही व्यर्थ. कर्माला परिणाम नसेल तर पापही नाही आणि प्रीतीही नाही. शुद्धिस्थानाचे नाव घेणारा हा तर्क शुद्धिस्थानाची गरजच नाहीशी करतो!

ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे? १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शुद्धिस्थान आहे आणि तेथील आत्म्यांना श्रद्धावंतांच्या प्रार्थनांचे, विशेषतः मिस्साबलीचे, साहाय्य होते, एवढेच ठामपणे सांगितले. कुतूहल चाळवणाऱ्या चर्चा लोकांपुढील प्रवचनांतून टाळाव्यात, असेही बजावले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार जे देवाच्या कृपेत मरतात, ज्यांचे तारण निश्चित आहे, परंतु जे अद्याप पूर्ण शुद्ध झालेले नाहीत, त्यांचे हे शुद्धीकरण होय. म्हणजे तेथे निवाडा अधांतरी नसतो. स्वर्ग की नरक, याची वाट पाहत बसायचे ते स्टेशनावरचे प्रतीक्षागृह नव्हे. बेटावरचे लोक मात्र अखेरच्या क्षणापर्यंत घडू शकतात आणि बिघडूही शकतात. ते तर आपले हे जगणेच झाले!

गंमत अशी की, मालिकेतील ज्या जागी शुद्धिस्थानाची खरी चाहूल लागते, तिकडे या तर्कवाद्यांचे लक्षच गेले नाही. अखेरीस सारे जण एका प्रार्थनामंदिरात जमतात. ज्याने लॉकचा खून केला तो बेन दाराबाहेर थांबतो, लॉकची क्षमा मागतो आणि क्षमा मिळूनही आत जात नाही. माझे काही उरले आहे, असे तो जाणतो. जेनोवाच्या संत कॅथरीनने हेच शिकवले होते की, आत्मा आपल्यातील मळ पाहून स्वतःहून शुद्धीकरणात उडी घेतो. कुणी त्याला ढकलत नाही. एका बाकावर बसलेल्या त्या माणसात जे आहे, ते अवघ्या बेटाच्या नकाशात नाही.

अर्थात तेथेही उणीव आहे. त्या मंदिराच्या रंगीत काचेवर सहा धर्मांची चिन्हे आहेत, पण प्रार्थना कुणाकडे करायची याचा पत्ता नाही. ते स्थान त्या माणसांनीच एकमेकांसाठी निर्मिले, असे सांगितले जाते. आपल्या श्रद्धेत शुद्ध करणारा देव असतो आणि मागे राहिलेल्यांच्या हातांनाही काम असते.

दोष एकट्या प्रेक्षकांचा नाही. सहा वर्षे कुलुपे दाखवायची आणि किल्ली मागताच ‘आम्ही तर माणसांची गोष्ट सांगत होतो’ असे म्हणायचे, ही लबाडी आहे. ते आकडे बेटाच्या भावी रक्षकांना दिलेले क्रमांक होते, एवढे सांगितले. पण त्यांच्या मागे लागलेल्या अपशकुनाचे काय? ज्याने प्रश्न विचारला त्याने उत्तराची जबाबदारी घ्यावी.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी समस्या आणि रहस्य यांत भेद केला. समस्या माझ्यासमोर असते, ती सोडवून बाजूला ठेवता येते. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. आपल्या पूर्वजांनी रोझरीच्या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हटले. ती सोडवण्यासाठी कुणी माळ हाती घेत नाही. त्यांत राहण्यासाठी घेतो. मृत्यू हे असेच रहस्य आहे. त्याचे कोडे करणारा शेवटी चावी शोधत बसतो, आणि ज्याच्यासाठी रडायला हवे होते त्याचे नाव विसरतो.

म्हणून वाचकहो, मालिका खुशाल पाहा, मुलांबरोबर वादही घाला. परंतु ‘ते मेलेलेच होते’ असे कुणी म्हणाले, तर त्याला विचारा : मग चार्ली कुणासाठी बुडाला? आणि नोव्हेंबरात आपल्या मृतांची नावे मिस्सासाठी लिहून देताना ध्यानात ठेवा की, आपण त्यांना कुठल्या बेटावरून सोडवून आणत नाही. घराच्या उंबरठ्याशी पोहोचलेल्या माणसाला आपण हात देत असतो.