परसबागेंतील गोष्टी : पानें उदंड, फूल एकही नाहीं

एका वाचक भगिनींनीं विचारिलें आहे कीं, त्यांच्या अंगणांतील ब्रुग्मान्सियाला वीतवीत पानें येतात, परंतु तीन वर्षांत फूल एकही नाहीं. तेव्हां झाड उपटून टाकावें काय? प्रश्न वाचून मी थोडा ओशाळलों. हाच आरोप मींही आमच्या झाडावर ठेविला होता, आणि चौकशीअंतीं अपराधी मीच ठरलों.

हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील. आपल्या धोतऱ्याचें सख्खें भावंड म्हणा ना! लिनीयसनें १७५३ मध्यें तें धोतऱ्याच्याच प्रजातींत घातलें होतें. १८०५ मध्यें पेर्सूननें त्यास वेगळें काढिलें. धोतऱ्याचें फूल ऊर्ध्वमुख, याचें अधोमुख. धोतऱ्याचें फळ कांटेरी, याचें गुळगुळीत. अमरकोशांत धोतऱ्यास ‘धूर्त’ हेंही एक नांव आहे, तें या भावंडासही शोभेल. कारण त्याचें गुपित पानांत दडलेलें असतें.

बीजापासून उगवलेलें झाड प्रथम एकच सरळ खोड वाढवितें. तें कमरेएवढें, कधीं खांद्याएवढें झालें म्हणजे त्यास बेचकें फुटतें, आणि पहिली कळी या बेचक्यांत येते. पुढें प्रत्येक फांदीस पुनः बेचकें, पुनः कळी. बेचक्याखालचें पान पहावें, तर त्याच्या दोन्ही बाजू देठास समोरासमोर मिळतात; वरच्या पानाची एक बाजू मात्र देठावर किंचित् खालीं उतरलेली असते. असें विषम पान दिसलें कीं झाड वयांत आलें!

आणि मी काय करीत असें? वाऱ्यापावसांत झाड मोडेल या धास्तीनें दर ज्येष्ठांत तें गुडघ्याएवढें छाटीत असें. मौंजीच्या वयास आलेल्या मुलास दर वर्षीं उचलून पाळण्यांत घालावें, तसाच हा प्रकार.

ही चूक सूनबाईच्या ध्यानांत आली. सासऱ्यांस सांगावें कसें, म्हणून तिनें आमचें एक आणि शेजारच्या बहरलेल्या झाडाचें एक, अशीं दोन पानें निमूटपणें माझ्या पोथीशेजारीं आणून ठेविलीं. तीं निरखतां निरखतां मीं डोळा चोळला, आणि घटकाभरांत त्या डोळ्याची बाहुली एवढी विस्फारली कीं घरांत रडारड व्हावयाची बाकी राहिली. दोन दिवस एकाच डोळ्यानें वाचन केलें. पान, फूल, बीं, मूळ, सर्वच विषारी; झाडास हात लावल्यावर साबणानें हात धुवावे, आणि मुलांस फुलाचें तोंड तोंडास लावूं देऊं नये.

तेव्हां भगिनींनीं झाड उपटूं नये. छाटावयाचेंच तर बेचक्याच्या वर दोनतीन पेरें राखून छाटावें. नवें झाड करावयाचें तर बेचक्यावरच्या फांदीचा तुकडा लावावा. तो ठेंगणा असतांनाच फुलतो. हें झाड मोठें खादाड, पाणीही पुष्कळ पितें. परंतु नुसतें शेणखत ओतल्यास पानेंच माजतात, म्हणून थोडी राखही घालावी. कुंडी लहान असेल तर आधीं ती बदलावी. आणखी एक गोष्ट सांगून ठेवितों: याची एकही जात आज आपल्या मूळ प्रदेशाच्या रानांत आपोआप वाढत असलेली आढळत नाहीं, तेथें जीं आहेत तीं माणसांनीं लावलेलींच.

आमच्या झाडास गेल्या कार्तिकांत नऊ फुलें आलीं. सायंकाळीं सुवास ओटीपर्यंत येई. छाटणीची कात्री सूनबाईनें कोठें ठेविली आहे, हें मीं अद्याप विचारिलेलें नाहीं.