बाटलीनं रानाचा सामू उतरत नाही



परवा गावात मीटिंग झाली. एका कंपनीचा पोरगा आला. ग्लासात बोअरचं पाणी, त्यात सामूचा कागद बुडवला, तर निळसर हिरवा. बाटलीतले चार थेंब टाकले, कागद नारिंगी. "बघा काका, साडेआठचा सामू पाचवर!" टाळ्या पडल्या. शेजारच्या तात्यांनी चार एकराला चार बाटल्या उचलल्या, आठशेला एक, ती पण उधारीवर. ऊस केवड्यानं पिवळा पडलाय, माणूस घाबरलेला.

मी तात्यांकडनं चमचाभर औषध आणलं आणि तोच खेळ घरी केला. फक्त ग्लासात त्यांच्या रानातली मूठभर माती टाकली. फसफस झाली, थोडा फेस आला, शांत झालं. सकाळी कागद बुडवला. परत निळसर हिरवा!

यात जादू नाही, आठवीतलं रसायन आहे. आपल्या चुनखडीच्या रानात चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मोकळा पडलाय. आम्ल पडलं की चुना त्याला खातो, कार्बन डायऑक्साईड बुडबुड्यानं निघून जातो, आम्ल संपतं. सामू म्हणजे विहिरीतल्या पाण्याची पातळी. चुना म्हणजे झरा. बादलीभर उपसा केला म्हणून विहीर आटते का?

आता हिशेब करू. एकराची वरची सहा इंच माती धरा साधारण ९ लाख किलो. तात्यांच्या रिपोर्टात मुक्त चुना ८ टक्के. म्हणजे ७२ टन चुना! आणि त्या बाटलीत पाणी न घातलेलं गंधकाचं आम्ल जरी असतं (नसतंच, तसलं कोण हातात देईल), तरी लिटरभरात दोन किलो चुनासुद्धा विरघळत नाही. गंधक टाकून सगळा चुना मारायचा म्हटलं तर एकरी २३ टन लागेल. कुणाच्या बापाला परवडेल?

म्हणून माझं भांडण आहे. त्या पोराशी नाही, त्याला पगार मिळतो. भांडण त्या सल्लागार मित्रांशी, जे रिपोर्टातला ८.३ बघून डोळे झाकून जिप्सम लिहून देतात. अहो, जिप्सम आम्ल नाही, कॅल्शियमचं क्षार आहे. रानात सोडियम असेल, जमीन चोपण झाली असेल, तर ते सोडियमला हुसकतं, मग निचऱ्याच्या पाण्यानं तो धुऊन जातो. तिथं ते सोन्यासारखं. पण नुसत्या चुनखडीत जिप्सम कशाला? सोडियम किती आहे ते तपासलं का? सामूचा आकडा एकटा काही सांगत नाही. कोकणातल्या तांबड्या आम्ल मातीत तर उलट चुना घालावा लागतो, तिथं आपला सल्ला नेला तर मार खाल.

आम्लाला माझा विरोध नाही. फवारणीचं २०० लिटर पाणी असेल तर थोडं सायट्रिक आम्ल काम करतं, कारण तिथं झरा नाही. ठिबकच्या नळ्यांत साचलेला चुनाही आम्लानंच निघतो. पण एकरभर रान म्हणजे पाण्याची टाकी नव्हे.

आणि केवडा? लोह मातीत आहे, चुन्यामुळं मुळाला मिळत नाही. मग रान बदलायच्या मागं कशाला लागायचं, पानाला द्या की. अर्धा टक्का फेरस सल्फेट, चिमूटभर सायट्रिक आम्ल, आठ-दहा दिवसांनी परत एकदा. गंधक टाकायचंच तर शेणखतात मिसळून सरीत, मुळाजवळ. जिवाणू त्याचं आम्ल करतात तेवढ्या पट्ट्यात मुळाला दिलासा मिळतो. जमिनीतनं चिलेट द्यायचं असेल तर ईडीडीएचए घ्या. ईडीटीएवालं लोह आपल्या सामूत टिकत नाही. दुकानदार दुसरंच पुढं करेल, लेबल वाचा.

तात्यांच्या दोन बाटल्यांची सीलं अजून शाबूत आहेत. उद्या सकाळी ग्लास, कागद आणि पिशवीत मूठभर माती घेऊन आम्ही दोघं दुकानात जातोय.