लग्न झालं की होईल सगळं नीट!

मागच्या सेमिस्टरला माझ्या रूममेटची पाळी चार महिने आली नाही. पहिल्या महिन्यात आम्ही सबमिशनला दोष दिला, दुसऱ्या महिन्यात मेसच्या जेवणाला. तिसऱ्या महिन्यात हनुवटीवर केस दिसायला लागले, तेव्हा ती पार्लरला जाऊन आली आणि गप्प बसली. चौथ्या महिन्यात मी तिला जवळजवळ ओढतच गावातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "लग्न झालंय?" ती म्हणाली, "नाही." "मग कशाला टेन्शन घेतेस? लग्न झालं की होईल सगळं नीट. जरा वजन कमी कर." पाच मिनिटांत आम्ही बाहेर! रिक्षात बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी अजून पेशंटच नाहीये."

माझा राग या वाक्यावर आहे. मुलीचं शरीर जणू लग्नाच्या तारखेपासून सुरू होतं!

तिला निघालं पीसीओएस. आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. जगात दहापैकी साधारण एका बाईला हे असतं. आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये किती जणी राहतात ते मोजा आणि भागाकार करा. 2003 साली रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही थोड्या फरकाने वापरतात : पाळी अनियमित, पुरुषी म्हणवल्या जाणाऱ्या अँड्रोजेन हॉर्मोन्सचं प्रमाण जास्त, आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या त्या 'गाठी'. तीनपैकी दोन हवेत, आणि दुसरं कारण नाही हेही तपासायला हवं. खरं तर त्या गाठी नसतातच, अर्ध्यावर वाढ थांबलेली बीजं असलेल्या त्या पिशव्या असतात. पण पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. डायबिटीसचा धोका वेगळाच. यातलं काहीही लग्नपत्रिका छापायची वाट बघत नाही.

कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर दिलेल्यांना बाकीचं लगेच कळेल. मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी आणि खाली ओव्हरी किंवा थायरॉइड, हा सरळ सरळ फीडबॅक लूप आहे. थायरॉइडचं आउटपुट कमी पडलं की पिट्युटरी जास्त टीएसएच सोडते, म्हणून रिपोर्टात टीएसएच वाढलेला दिसतो. पिट्युटरीतलं प्रोलॅक्टिन फार वाढलं तर पाळी थांबते आणि इच्छाही मंदावते.

आता या 'इच्छा' शब्दाकडे येते. संपादकांनी मला दोनदा विचारलं, "हे छापायचंच का?"

मी कॉन्व्हेंटमधली. 'लिबिडो' हा शब्द इंग्लिशमध्ये मी बिनदिक्कत बोलू शकते. मराठीत आईसमोर काय म्हणू? 'कामेच्छा' म्हटलं तर ती घाबरेल! हा शब्द आपण वाचतो तो रेल्वेच्या कडेच्या भिंतींवरच्या जाहिरातींत, आणि तिथेही सगळे इलाज पुरुषांचे. बाईला इच्छा असते हे त्या भिंतीलासुद्धा माहीत नाही, तर ती कमी झाली हे कोण विचारणार?

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण देते, तिला विचारून. वय 26, लग्नाला एक वर्ष. सतत थकलेली, केस गळतायत, थंडी वाजते, आणि नवऱ्याजवळ जावंसंच वाटत नाही. सासरी कुजबुज की हिचं मन दुसरीकडे आहे. माहेरी उपदेश, "अगं, जमवून घे." वर्षभर ती स्वतःलाच वाईट समजत राहिली. शेवटी थकव्यासाठी रक्त तपासलं तर टीएसएच भरपूर वाढलेला. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळी. थकवा गेला. बाकीचंही हळूहळू सुधारलं, पण नुसत्या गोळीने नाही. ताई म्हणते, वर्षभर ऐकलेल्या बोलण्यावर कुठली गोळी असते?

म्हणून 'सगळं हॉर्मोनमुळे' हेही मला मान्य नाही. पीसीओएसमध्ये टेस्टोस्टेरॉन बऱ्याचदा जास्त असतं. इच्छा म्हणजे पेट्रोलची टाकी असती तर ती तिथे भरून वाहायला हवी होती. पण चेहऱ्यावरचे केस, पिंपल्स, वजन यांची लाज वाटत असताना कोणाला काय सुचणार? डिप्रेशनवरच्या काही गोळ्यांनीही इच्छा कमी होते, तेव्हा त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसं सांगायचं असतं. आणि चार तास झोपून व्हायवा देणाऱ्या मुलीला काहीच वाटत नसेल तर तो आजार नाही, तो आपला टाइमटेबल आहे. कोणाला मुळातच इच्छा कमी असेल आणि तिला त्याचा त्रास नसेल, तर तिलाही रोगी ठरवू नका. प्रश्न तिचा तिने विचारायचा, फक्त विचारायला जागा हवी.

र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि स्त्रीलाही इच्छा असते हे मराठीतच लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, 1934 मध्ये कोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आणि आमचा प्रजननाचा धडा? एका तासात आकृती काढून, नावं देऊन संपला.

आपल्या हॉस्टेलच्या मेडिकल रूममध्ये क्रोसिन, ओआरएस आणि बँडेज आहे. महिन्यातून एकदा दोन तास लेडी डॉक्टर बसवायला किती खर्च येईल? गॅदरिंगच्या डीजेपेक्षा नक्कीच कमी. रेक्टर मॅडमना आम्ही 63 सह्यांचं पत्र दिलंय. "बघू," म्हणाल्या.

तोवर रूममेटला दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी टीएसएच, प्रोलॅक्टिन, शुगर सगळं करायला सांगितलं, आणि झोप, मूड, भूक याबद्दल वीस मिनिटं विचारलं. लग्नाचा विषयच नाही. परवा ती रिपोर्ट दाखवायला निघाली. आउटपासच्या रजिस्टरमध्ये 'कारण' या रकान्यात आम्ही सगळ्याजणी नेहमी 'पोटदुखी' लिहितो. तिने 'हॉर्मोन्सचा रिपोर्ट' असं लिहिलं. वॉचमनकाकांनी चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "आठच्या आत ये गं."