शहरांतील एक दिवस आणि सायंकाळची मैफल

शाळेची सहल पुण्यास जाणार असें ठरलें, कीं स्थळांची यादी पाहतां पाहतां लांबत जाते. शनिवारवाडा, पर्वती, संग्रहालय, सारसबाग आणि शेवटीं बाजारपेठ! या यादींत गाण्याची मैफल मात्र क्वचितच आढळते. एखाद्या विद्यार्थ्यानें ती सुचविलीच, तर "मुलांना त्यांतलें काय कळणार?" असें वडीलधारी मंडळी म्हणतात व विषय तेथेंच संपतो. आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. शहरांतील दिवसाचा शेवट प्रत्यक्ष गायनानें व्हावा. इतकेंच नव्हे, तर त्यासाठीं दोनचार स्थळें गाळावीं लागलीं तरी तीं खुशाल गाळावीं.

असा दिवस कसा असावा, याचा थोडा विचार करूं. डिसेंबरची थंडी आहे आणि सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव भरला आहे. सकाळीं शनिवारवाडा पाहावा. १७३० सालीं पहिल्या बाजीरावानें त्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीनें आंतील इमारती भस्म केल्या. दिल्ली दरवाजा, बुरूज व तट तेवढे उभे आहेत. तेथून बाजीराव रस्त्यानें दक्षिणेकडे गेलें म्हणजे राजा दिनकर केळकर संग्रहालय लागतें. दिनकर केळकर यांनीं अकालीं निवर्तलेल्या आपल्या मुलाच्या नांवानें उभारलेल्या या संग्रहांत दिवे आणि अडकित्ते यांच्या जोडीला जुनीं वाद्येंही आहेत. तीं निवांत पाहावीं. मग पोटभर जेवून, दोन घटका विसावा घेऊन, सायंकाळीं मंडपांत भारतीय बैठकीवर जागा धरावी. सकाळीं मुकीं पाहिलेल्या वाद्यांचीं भावंडें तेथें बोलूं लागतात.

प्रथम तंबोरे जुळतात. चार तारा, पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. घोडीवर तारेखालीं सरकविलेला सुताचा बारीक धागा किंचित् हलवितांच नाद भरून येतो. हें चाललें असतां मुलें चुळबुळ करतात. परंतु मैफलीचा पहिला धडा हाच, कीं चांगल्या गोष्टीची वाट पाहावी लागते.

कोणी विचारील, "घरीं यंत्रावर वाटेल तें गाणें वाटेल तेव्हां ऐकतां येतें, मग एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न नवा नाहीं. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरलें, तेव्हांपासून तो निघत आला आहे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचेंच गाणें मावे. तासभर फुलणारा राग गायकास चिमटींत बसवावा लागे. आज यंत्राची ती मर्यादा गेली, पण ती आमच्या चित्तास येऊन चिकटली! बोटाच्या एका स्पर्शानें गाणें बदलतां येतें, म्हणून तें शेवटपर्यंत ऐकलेंच जात नाहीं. मैफलींत ही सोय नाहीं, आणि हाच तिचा मोठा गुण होय.

यंत्राची आम्ही निंदा करीत नाहीं. अब्दुल करीम खां यांची तबकडी ऐकून बाल भीमसेन जोशी यांस वेड लागलें व १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, ते गुरूच्या शोधार्थ घराबाहेर पडले. (घर सोडण्याचें अनुकरण आमच्या वाचकांनीं करूं नये!) तबकडीनें त्यांस हांक मारली, पण विद्या लाभली ती कुंदगोळास सवाई गंधर्वांच्या समोर बसून. १९५२ सालीं गुरु निवर्तले. पुढच्याच वर्षीं त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू झाला आणि २०११ सालीं भीमसेन गेल्यावर त्यांचेंही नांव त्यास जोडलें गेलें. ज्यास आपण आज गाणें म्हणून ऐकतों, ती मुळांत शिष्याची कृतज्ञता आहे, हें मुलांस अवश्य सांगावें.

"मुलांना कळत नाहीं" या आक्षेपाचें उत्तर सोपें आहे. मूल व्याकरण शिकून मग मातृभाषा बोलत नाहीं. आधीं पुष्कळ ऐकतें, मग बोलतें. संगीताचेंही तसेंच. सूर्यास्ताचा मारवा, दिवेलागणीनंतरचा यमन, पुढें बिहाग, अशी रागांची वेळ कानांस आपोआप ओळखीची होते. जागरणाचा आक्षेपही आतां दुबळा झाला आहे. पूर्वीं हा महोत्सव रात्रभर चाले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंधन आणलें, आणि मध्यरात्रीचा मालकंस व पहाटेचा ललित खुल्या मंडपांत दुर्मिळ झाले. रसिक हळहळतात तें योग्यच. परंतु पालकांची अडचण त्यामुळें बरीचशी दूर झाली, हेंही खरें.

यापेक्षांही महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एके काळीं गायकाचे पोशिंदे संस्थानिक असत. विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. भास्करबुवा बखले यांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापला. आणि दरबारांतली विद्या सामान्य गृहस्थाच्या ओसरीवर आली. आज संस्थानें नाहींत. आज गायकाचा पोशिंदा म्हणजे श्रोता. गायक घडण्यास अनेक वर्षांची तपश्चर्या लागते हें सर्व जाणतात; श्रोताही लहानपणींच घडावा लागतो, हें मात्र आम्ही विसरतों. आजचीं मुलें मैफलींत आलीं नाहींत, तर उद्यांच्या गायकानें कोणासमोर गावें?

विद्यार्थिमित्रहो, मैफलीस जाण्यापूर्वीं एखादा राग घरीं दोनतीनदां ऐका. भ्रमणध्वनि बंद ठेवा. गाणें चाललें असतां मध्येंच उठूं नका. निघणें भागच असेल, तर एक गाणें संपून दुसरें सुरू होण्याच्या आंत निघा. पालकांस आमचें इतकेंच सांगणें आहे, कीं मूल पहिल्या खेपेस झोपीं गेलें तर रागावूं नये. त्याच्या अंगावर शाल घालावी आणि पुढच्या वर्षीं त्यास पुन्हां न्यावें. येत्या सहलीची यादी करतांना शिक्षकांनीं व पालकांनीं या सूचनेचा विचार करावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.