अचानक बदललेल्या वागण्याबाबत जाहीर आवाहन

भास, संशय, असंबद्ध बडबड, रात्ररात्र झोप न लागणे ही लक्षणे मानसिक आजाराची समजली जातात, आणि बहुतेक वेळा ती तशी असतातही. काही रुग्णांत मात्र त्यांचे मूळ मेंदूच्या शारीरिक आजारात असते: सूज, गाठ, जंतुसंसर्ग किंवा डोक्याला बसलेला मार.

एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस हा त्यांतला नीट अभ्यासलेला आजार. यात शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे स्वतःच्याच मेंदूवर उलटतात. 2007 मध्ये जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत या प्रतिपिंडांचा छडा लावला. त्याआधी असे किती रुग्ण ‘वेडे’ म्हणून कोंडले गेले असतील, त्याचा हिशेब नाही. तरुण मुलींत हा आजार अधिक दिसतो आणि काहींत बीजांडकोशातील गाठ त्याला कारण ठरते. सुरुवात साध्या तापाने, डोकेदुखीने होते. थोड्याच दिवसांत संशय आणि भास, पुढे झटके, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली, पुतळ्यासारखे निश्चल बसणे. न्यूयॉर्कमधील पत्रकार सुझना कॅहलन हिला 2009 मध्ये डॉक्टरांनी घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा तिने बाराही आकडे तबकडीच्या उजव्या अर्ध्यात दाटीने लिहिले. मेंदूला सूज असल्याचा माग तिथे लागला. उपचारांनंतर ती पुन्हा कामावर रुजू झाली.

या आजारात एमआरआय पुष्कळदा नॉर्मल येतो. निदान होते ते पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याच्या तपासणीतून. ‘पाणी काढले की माणूस लुळा पडतो’ या ऐकीव भीतीने नातेवाईक नेमकी हीच तपासणी नाकारतात. डॉक्टरांनी ती सुचवल्यास शंका विचाराव्यात, पण तपासणी टाळू नये. क्षयामुळे होणाऱ्या मेंदूज्वरातही तीच उपयोगी पडते. त्यातही बारीक ताप, चिडचिड आणि बदललेले वागणे दोन-दोन आठवडे आधीपासून असू शकते.

वयस्कर माणसांची गोष्ट निराळी. न्हाणीघरात पाय घसरलेला असतो, टेंगूळ जिरते, सगळे विसरतात. काही आठवड्यांनी आजोबा बरळू लागले की ‘वय झाले’ म्हणून सोडून दिले जाते. कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर हा धोका वाढतो. नुसते सोडियम उतरले तरी म्हातारे माणूस घरच्यांना ओळखेनासे होते.

पूर्वी कोणताही मानसिक त्रास नसलेल्या व्यक्तीचे वागणे काही दिवसांत पालटले आणि सोबत ताप, झटके, तीव्र डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायांत अशक्तपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे; 108 ही रुग्णवाहिका बोलवावी. ‘बाहेरचे’ म्हणून उतारा, अंगारा यांत आठवडे घालवू नयेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे.

डॉक्टरांकडे जाताना कोणत्या तारखेला काय बिघडले, हे कागदावर लिहून न्यावे, चालू गोळ्यांची पाकिटे पिशवीत घ्यावीत आणि झटका आल्यास मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. सल्ल्यासाठी टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी सुरू केलेली औषधे मेंदूच्या तपासण्या होईपर्यंत परस्पर बंद करू नयेत.