तीस्तेचा इशारा
४ ऑक्टोबर २०२३ रोजी, सूर्योदयापूर्वीच, दक्षिण ल्होनक हे हिमसरोवर फुटून सिक्कीममधील चुंगथांगचे ६० मीटर उंचीचे धरण वाहून गेले. १,२०० मेगावॉटचे हे वीजकेंद्र २०१७ साली सुरू झाले होते. सरोवर वर्षानुवर्षे फुगत असल्याचे शास्त्रज्ञ बजावीत आले होते. तेव्हा हा कोप अकल्पित होता, असे म्हणण्याची सोय कोणासही नाही. तरी २०२५ साली केंद्रीय पर्यावरण खात्याच्या तज्ज्ञ समितीने तेथेच सुमारे ११८ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या धरणास अनुकूलता दर्शविली. विजेची निकड आम्ही जाणतो. परंतु १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा वेळेवर इशारा न मिळाल्याने पुण्याचे काय झाले, हेही आम्हांस ठाऊक आहे. सरोवरापासून खालच्या गावांपर्यंत इशाऱ्याची यंत्रणा उभी राहून तिची कसोटी लागेपर्यंत नव्या धरणाचा पाया खणला जाऊ नये.